गाडी आपली, पण कागद कोणाचे?

आपल्या कॉलेजात दोन प्रकारचे लोक आहेत. एक, ज्यांना गाडी कंपनीतून जशी आली तशीच आवडते. आणि दुसरे, मेकॅनिकलवाले! (सिव्हिल आणि कॉम्प्युटरवाल्यांनी हसू नये, तेही काही मागे नाहीत.) नाना पेठेत स्वस्त अलॉय कोणाकडे मिळतात, कुठल्या गाडीला कुठला एक्झॉस्ट बसतो, डिझेल गाडी रिमॅप केली की किती बीएचपी वाढते, यावर मेसमध्ये आणि कट्ट्यावर तासन् तास चर्चा झडतात. मीही त्यात असते. मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही पाचच मुली आहोत, पण गाड्यांच्या गप्पांत आमचा आवाज कमी नाही. मात्र या चर्चेत एक प्रश्न मी कधीच ऐकला नाही. हे सगळं करायला कोणाकोणाला विचारावं लागतं?

"विचारायचं कशाला? गाडी आपली, पैसे आपले!" हे ठरलेलं उत्तर. या उत्तरातले दोन्ही भाग बहुतेक वेळा चूक असतात. पैसे आपले नसतात, ते पप्पांचे असतात. आणि गाडीही पूर्ण आपली नसते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरची कार कर्जावर घेतलेली असते. कर्ज चालू असेपर्यंत गाडीच्या आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव चढलेलं असतं. याला इंग्रजीत हायपोथिकेशन म्हणतात, आणि मराठीत फार छान शब्द आहे: नजरगहाण. गाडी आपल्या ताब्यात, पण नजर बँकेची! ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे एका वाक्यात कळेल. सातबाऱ्यावर इतर हक्कात सोसायटीचा बोजा चढतो ना, तसाच हा आरसीवरचा बोजा. बोजा असताना जमीन कसता येते, पण वाटेल तो व्यवहार करता येत नाही. गाडीचंही तसंच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५१ मध्ये ही नोंद येते. हप्ते थकल्यामुळे बँकेने गाडी ताब्यात घेतली तर आरटीओ आरसी थेट बँकेच्या नावावर करू शकतो, इतकी ती नोंद भारी आहे. कर्ज फिटल्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन ती उतरवावी लागते.

कर्जाच्या करारात साधारणपणे असं एक कलम असतं की गाडी चांगल्या स्थितीत ठेवीन, तिचा विमा चालू ठेवीन आणि बँकेच्या लेखी संमतीशिवाय तिच्यात बदल करणार नाही. घरी कोणाच्या कर्जाचे कागद असतील तर सुट्टीत काढून बघा. करार बारीक अक्षरात असतो आणि पप्पांनी प्रत्येक पानावर सही केलेली असते. वाचलेलं मात्र कोणी नसतं! बँकेचं म्हणणं साधं आहे. उद्या हप्ते थकले तर ही गाडी विकून पैसे वसूल करायचे आहेत. कापलेल्या स्प्रिंगा आणि भोकं पाडलेलं बंपर असलेल्या गाडीला लिलावात कोण भाव देणार?

हायर पर्चेसवर घेतलेल्या गाडीबद्दल तर कायदाच बोलतो. कलम ५२ (५) सांगतं की अशी गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याने नोंदणीकृत मालकाच्या लेखी संमतीशिवाय तिच्यात फेरबदल करू नये. गंमत पुढे आहे. याच कायद्याच्या व्याख्येप्रमाणे हायर पर्चेस असो, लीज असो की हायपोथिकेशन, ज्याच्या ताब्यात गाडी तो "मालक" धरला जातो. म्हणजे कलम मोडलं तर दंड बँकेला नाही, आपल्याला! हक्क सांगताना बँक पुढे, आणि दंड भरताना आपण पुढे.

आता कलम ५२ चा मुख्य भाग. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. याचा अर्थ सीट कव्हर घालायलाही आरटीओत जायचं असा नाही हं. कायद्यात "फेरबदल" म्हणजे गाडीच्या रचनेतला असा बदल, ज्यामुळे तिचं मूळ स्वरूप बदलतं. स्टिकर, मॅट, म्युझिक सिस्टिम यात येत नाहीत. इंजिन बदलणं येतं. रंग आरसीवर लिहिलेला असतो, त्यामुळे पूर्ण गाडीचा रंग बदलला तर तो आरसीवरही बदलून घ्यावा लागतो. सीएनजी किट बसवायला परवानगी आहे, पण मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त सेंटरमधून, आणि आरसीवर नोंद करून. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी जुळवून घ्यायलाही कायद्यात वाट ठेवली आहे. संसदेने २०१९ मध्ये केलेल्या दुरुस्तीत कलम १८२अ मध्ये बेकायदा फेरबदलाला दर फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा घातली. "दर फेरबदलामागे" हे शब्द नीट वाचा. चार बदल असतील तर गुणाकार करायला कॅल्क्युलेटर लागणार नाही.

पण पोलीस आणि दंड याची भीती दाखवणं हा माझा हेतू नाही. दंड भरून माणूस मोकळा होतो. वॉरंटी आणि विमा गेला की माणूस मोकळा होत नाही, हप्ता चालूच राहतो!

आधी वॉरंटी बघू. वॉरंटी म्हणजे कंपनीने दिलेला शब्द, आणि तो अटींवर दिलेला असतो. कंपनीने गाडीची टेस्टिंग ठरावीक पार्ट्स धरून केली. आपण एक पार्ट बदलला की त्याच्या आजूबाजूच्या दहा पार्ट्सवरचा लोड बदलतो. हे आपल्याला दुसऱ्यांनी सांगायची गरज पडू नये, कारण आपण हेच तर शिकतो.

साधं हेडलॅम्पचं उदाहरण घ्या. कंपनीचा हॅलोजन बल्ब हाय बीमला ६० वॅटचा. दोन मिळून १२० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. घाटात उजेड कमी पडतो म्हणून आपण १०० वॅटचे टाकले. २०० वॅट झाले, करंट १६.७ अँपिअर. वायर तीच, होल्डर तोच. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे उजेड दीडपट व्हावा म्हणून वायर मात्र पावणेतीन पट तापली! होल्डरचं प्लास्टिक वितळतं, इन्सुलेशन कडक होऊन तडकतं, आणि सहा महिन्यांनी कधीतरी शॉर्ट सर्किट. फर्स्ट इयरच्या बेसिक इलेक्ट्रिकलमधलं हे गणित आहे, पण बल्ब बदलताना ते कोणालाही आठवत नाही.

टायरचं बघा. १८५/६५ आर १५ च्या जागी "भरदार" दिसतात म्हणून २०५/६५ आर १५ टाकले. बाहेरचा व्यास ६२१.५ मिलिमीटरवरून ६४७.५ झाला, म्हणजे ४.२ टक्के वाढ. मीटर आधी अचूक होता असं धरलं, तर आता तो ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ च्या वर असते. एबीएसला चाकाच्या फिरण्यावरून जे कळतं त्यातही तेवढाच फरक. वळताना टायर व्हील आर्चला घासतो ते वेगळंच. उद्या व्हील बेअरिंग किंवा ड्राइव्ह शाफ्ट गेला तर सर्व्हिस सेंटरवाला आधी टायरचा साइज वाचणार, मग तुमचं ऐकणार.

रिमॅपवाल्यांचा आवडता डायलॉग म्हणजे "सर्व्हिसिंगच्या आधी स्टॉक फाइल टाकून देऊ, कळणार नाही." अनेक गाड्यांचा ईसीयू किती वेळा लिहिला गेला याची नोंद स्वतःकडे ठेवतो. फाइल जुनी टाकली तरी आकडा पुढे गेलेला असतो. आणि कळलं नाही असं धरलं, तरी वाढलेला टॉर्क क्लच आणि गिअरबॉक्सला कळतोच की!

दोन गोष्टी तर वॉरंटीच्याही पलीकडच्या आहेत. बऱ्याच गाड्यांत साइड एअरबॅग सीटमध्येच असते आणि सीटची शिवण फाडून बाहेर येते. त्यावर जाड सीट कव्हर ताणून बसवलं की तिची वाट बंद. तसंच समोरचा लोखंडी गार्ड. धक्का बसल्यावर बंपरने चेपायचं, सेन्सरने ओळखायचं आणि एअरबॅगने उघडायचं, हा सगळा हिशोब मिलिसेकंदांचा असतो. गार्ड मध्ये आला की तो बिघडतो. म्हणूनच डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे गार्ड कलम ५२ चा भंग आहेत असं राज्यांना कळवून कारवाई करायला सांगितलं होतं. तरी आजही ते "सेफ्टी गार्ड" या नावानेच विकले जातात!

आता ऐकीव नव्हे, तर आमच्याच ग्रुपमधली गोष्ट. एका मित्राचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. त्यांनी आयुष्यातली पहिली नवी कार घेतली, पाच वर्षांच्या कर्जावर. जामीन राहिले मामा. दिवाळीत मित्राने हौसेने फॉग लॅम्प आणि मोठे हॉर्न बसवून घेतले. ॲक्सेसरीजच्या दुकानातल्या पोराने मूळ वायर सोलली, त्यात जोड दिला, वर काळी टेप गुंडाळली. दोन महिन्यांनी डॅशबोर्डवर एकेक दिवा पेटायला लागला आणि एका सकाळी वायपर, इंडिकेटर, पॉवर विंडो सगळंच बंद. बॉडी कंट्रोल मॉड्यूल जळलं होतं. सर्व्हिस सेंटरने त्या जोडाचा फोटो काढला आणि वॉरंटी नाकारली. बिल ४२ हजार. त्याच्या वडिलांचे तीन हप्ते!

इथपर्यंत सर्व्हिस सेंटरचं म्हणणं मला पटतं. जोड दिला, मॉड्यूल जळलं, संबंध सरळ आहे. पण त्याच दिवशी मागच्या शॉक अब्सॉर्बरमधून ऑइल गळतंय असं दिसलं, आणि "गाडी मॉडिफाय केलेली आहे" म्हणून त्याचीही वॉरंटी नाकारली! फॉग लॅम्पच्या वायरचा आणि शॉक अब्सॉर्बरच्या सीलचा काय संबंध? मित्राच्या वडिलांनी आवाज चढवला नाही. शिक्षकच ते. त्यांनी एवढंच म्हटलं, "कारण लेखी द्या. कुठल्या बदलामुळे कुठला पार्ट खराब झाला, ते त्यात लिहा." लेखी काही आलं नाही, पण चार दिवसांनी शॉक अब्सॉर्बर मात्र फुकट बदलून मिळाला.

माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे. मॉडिफिकेशन म्हणजे गुन्हा नाही, आणि मॉडिफिकेशन हा कंपनीला मिळालेला सर्वांसाठीचा माफीनामाही नाही. प्रश्न कार्यकारणाचा आहे. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. तिथे बाहेरचा पार्ट वापरला एवढ्याच कारणावरून वॉरंटी उडवता येत नाही, त्या पार्टमुळे बिघाड झाला हे दिसावं लागतं. आपल्याकडे संसदेने २०१९ च्या दुरुस्तीत कलम ५२ मध्ये असं वाक्य घातलं की केंद्र सरकार फेरबदलासाठी अटी ठरवून देऊ शकेल, आणि तशा बदलांमुळे कंपनीची वॉरंटी रद्द समजली जाणार नाही. म्हणजे नियमात राहून केलेला बदल आणि वॉरंटी एकत्र नांदू शकतात, हे तत्त्व आपल्या संसदेनेही मानलं आहे. विम्यातही असंच. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे एक प्रकरण आलं होतं. खाजगी गाडी भाड्याने वापरली जात होती, ती चोरीला गेली, आणि विमा कंपनीने अट मोडली म्हणून पूर्ण दावा नाकारला. कोर्टाने म्हटलं, चोरीशी त्या अटीचा संबंध नाही, ७५ टक्के रक्कम द्या. पण २५ टक्के गेलेच, आणि कोर्टाची पायरी चढावी लागली ती वेगळी.

विम्याचा विषय निघालाच आहे तर थोडं गणित करू. समजा गाडीची किंमत ७.५ लाख. कर्ज ६ लाख, व्याज ९ टक्के, मुदत ५ वर्षं. हप्ता येतो साधारण १२,४५५ रुपये. दीड वर्षाने, म्हणजे १८ हप्ते भरल्यावर, अजून सुमारे ४ लाख ४७ हजार मुद्दल बाकी असतं. दुसऱ्या वर्षी विम्यात गाडीची किंमत २० टक्के घसारा धरून ६ लाख लावली जाते. या वेळी गाडी जळून पूर्ण नष्ट झाली तर विम्याच्या पैशावर पहिला हक्क बँकेचा, कारण पॉलिसीवरही हायपोथिकेशनची नोंद असते. बँकेचे ४ लाख ४७ हजार वळते होऊन उरलेले साधारण दीड लाख आपल्या हातात. ठीक आहे, निदान कर्ज फिटलं.

आता तीच गाडी, पण सर्व्हेअरच्या रिपोर्टमध्ये आलं की आग न सांगता बसवलेल्या, सोललेल्या वायरिंगमुळे लागली. दावा अडकला. गाडी नाही, विमा नाही, आणि ४ लाख ४७ हजार देणं शिल्लक! बँक म्हणत नाही, की गाडीच राहिली नाही तर राहू दे. पुढचे ४२ हप्ते जळालेल्या गाडीचे. पप्पांनी दिले नाहीत तर नोटीस जामीन राहिलेल्या मामांना. आठशे रुपयांच्या जोडणीमुळे दोन घरं अडचणीत.

आणि हे टाळायला काय लागतं? पॉलिसीत कंपनीने न बसवलेल्या इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज आणि सीएनजी किट वेगळे नोंदवायची सोय असते, थोडा जास्त प्रीमियम भरावा लागतो. एक अर्ज, एक पावती. पण आपण अलॉयसाठी चाळीस हजार देतो आणि प्रीमियमचे हजार वाचवतो!

काही जण म्हणतील, ही मुलगी आता आम्हाला गाडीला हात लावू देणार नाही. उलट! मला वाटतं की आपण भरपूर हात लावावा. मॉडिफिकेशन केल्याशिवाय इंजिनिअर तयार होत नाही. आपली बाहाची टीम बघा. रूलबुक मोठं जाडजूड असतं, पण टीममधल्या पोरांना रोल केजच्या पाइपचा व्यास आणि जाडी झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. कारण नियम मोडला तर टेक्निकल इन्स्पेक्शनमध्येच गाडी बाहेर. तीच पोरं घरच्या गाडीचं वॉरंटी बुकलेट उघडूनही बघत नाहीत. स्पर्धेच्या गाडीला जो मान, तो पप्पांच्या गाडीला का नाही?

कंपन्यांना आणि बँकांनाही दोन शब्द. वॉरंटी बुकलेटमध्ये "अनधिकृत बदल" एवढा मोघम शब्द लिहून चालणार नाही. कुठल्या बदलाने कुठली वॉरंटी जाते, याचा एक तक्ता छापा ना! वॉरंटी नाकारली तर कारण लेखी द्या. आणि हे मराठीत द्या. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, म्हणून घरातले सगळे इंग्रजी कागद माझ्यापुढे येतात. खरं सांगते, कर्जाच्या करारातलं इंग्रजी मलाही दोनदा वाचावं लागतं. मग माझ्या काकांनी, मित्राच्या मामांनी काय करायचं? फायनान्स कंपन्यांनी कराराची प्रत सगळ्या जोडपत्रांसकट, आणि शक्यतो ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत द्यावी, असं रिझर्व्ह बँकेची आचारसंहिताच सांगते. पण आपण मागतच नाही. मागितल्याशिवाय आईसुद्धा जेवायला वाढत नाही म्हणतात, मग फायनान्स कंपनी कशाला वाढेल?

थोडक्यात, गाडीला पाना लावायच्या आधी एवढं करा:

१. आरसी बघा. हायपोथिकेशनची नोंद असेल तर कर्जाच्या करारातलं बदलाबद्दलचं कलम वाचा आणि गरज असेल तर बँकेला लेखी विचारा. तोंडी "चालतंय" म्हणणारा माणूस सहा महिन्यांत बदली होऊन जातो.

२. वॉरंटी बुकलेटमधली अपवादांची यादी वाचा. शक्य असेल तिथे कंपनीची किंवा डीलरने बसवलेली ॲक्सेसरी घ्या आणि बिलावर ती नावानिशी लिहून घ्या.

३. मूळ वायर सोलू देऊ नका. गाडीच्या मॉडेलसाठी बनवलेलं कपलर आणि रिले असलेलं हार्नेस मिळतं. काढलेले मूळ पार्ट जपून ठेवा.

४. विमा कंपनीला कळवा आणि पॉलिसीवर नोंद करून घ्या.

५. वॉरंटी किंवा दावा नाकारला तर कारण लेखी मागा. पटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मात्र दोन वर्षांच्या आत.

आणि आपल्या ऑटो क्लबला आणि सरांना एक विनंती. दरवर्षी इंजिन उघडून दाखवायचं वर्कशॉप होतं, त्याला गर्दीही होते. त्याच वर्कशॉपमध्ये एक तास कागदांसाठी ठेवा. एक आरसी, एक पॉलिसी, एक वॉरंटी बुकलेट आणि एक कर्जाचा करार टेबलावर मांडा आणि इंजिनासारखाच एकेक भाग उघडून दाखवा. वाटल्यास एखाद्या वकिलांना आणि विमा सर्व्हेअरना बोलवा. फायनलनंतर आपल्यातले बरेच जण याच वाहन कंपन्यांत जातील, काही वॉरंटी विभागातही बसतील. समोरचा शिक्षक "कारण लेखी द्या" म्हणाला, तर ते कारण तेव्हा आपल्यालाच लिहायचं आहे. ते खरं लिहिता यावं, एवढी तयारी इथूनच करू या.

– टी. ई. मेकॅनिकल